वाळू सगळं गाळून घेते

दुसऱ्या दिवशी सकाळीच संडासाची टाकी भरली. गाडीतल्या बेसिनवरचा लाल दिवा लागला आणि केयूरने चहाचा कप खाली ठेवला.

"चार माणसांना तीन दिवस पुरेल म्हणाला होता गाडीवाला. एका दिवसात भरली."

"अप्पा प्रत्येक वेळी तीनदा पाणी सोडतात," सुनीती म्हणाली.

अप्पा म्हणजे तिचे सासरे. कर्जतच्या शाळेत छत्तीस वर्षं भूगोल शिकवला, हेडमास्तर होऊन निवृत्त झाले. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. ही सहल त्यांच्यासाठीच होती. केयूरने पुण्याहून घरासारखी गाडी भाड्याने आणली होती, आत पलंग, शेगडी, बेसिन, संडास, सगळं. तीन दिवस नद्यांच्या काठाने फिरायचं, आवडेल तिथे मुक्काम करायचा, वाटेतली गावं बघायची. अप्पांनी जन्म काढला तो हाच मुलूख, पण नऊ वर्षांच्या श्रियाने तो आजोबांच्या तोंडून ऐकावा अशी केयूरची हौस. अप्पांची अट एकच होती. उघड्यावर बसणार नाही. "आपल्या घराण्यात नदीकाठी कोणी बसलेलं नाही," ते म्हणाले होते, आणि असं म्हणाले होते की जणू बाकीचे हौसेने बसतात.

पहिला मुक्काम कोंडाण्याला, उल्हास नदीच्या काठी, पदूच्या शेतात पडला. पदू भातशेतीवाला. उन्हाळ्यात खाचरं रिकामी पडतात, तिथे शहरातल्या लोकांना तंबू लावू द्यायचा धंदा त्याने दोन वर्षांपासून काढला होता. एप्रिल लागलेला. नदी म्हणजे नुसते गोटे आणि वाळू, मधेच एखादं शेवाळलेलं डबकं. गाडी लावतानाच पदूने सांगून ठेवलं होतं, "हितंच राहू द्या. खाली पात्रात नका नेऊ. वाडीच्या बायांची वाट हाय ती."

वाडी म्हणजे डोंगराच्या पायथ्याची ठाकर आदिवासींची वीस-पंचवीस घरं. त्या वाटेने बाया कुठे जातात हे कोणी विचारलं नाही. त्यात विचारायचं काय? बाया जातात, बाया येतात.

तर टाकी. ती पेटीसारखी बाहेर निघायची, खाली दोन चाकं होती. सोबतच्या पुस्तकात ठळक लिहिलं होतं की ती फक्त संडासातच रिकामी करावी.

"पदूला विचारूया. त्याच्याकडे आहे संडास," सुनीती म्हणाली.

"विचारलं की लोक नाही म्हणतात," केयूर म्हणाला. "न विचारता केलं की कोणाचं काही म्हणणं नसतं."

हा केयूरचा जुना नियम. नोकरीत दोन बढत्या त्याला या नियमावरच मिळाल्या होत्या.

दोघं पात्रात उतरली. तो टाकी ओढत पुढे, ती फावडं घेऊन मागे, ओढणी नाकाशी. एका मोठ्या खडकाच्या आडोशाला आयता खड्डाच सापडला. मांडीइतका खोल. कडेने दगड एकावर एक बसवलेले, वर करवंदीच्या काटेरी फांद्या टाकलेल्या. आत डोकावलं तर तळाला फक्त ओल.

"बघ, आधीच्या कॅम्पवाल्यांनी कचऱ्यासाठी खणलेला दिसतोय," केयूर म्हणाला.

"कचऱ्यासाठी एवढे दगड रचून?"

"असतात काही लोक शिस्तीचे."

सुनीतीला ते पटलं नव्हतं. पण उन्हं चढत होती, टाकीचा वास ओढणीतून आत येत होता, आणि आपल्याला पटलं नाही एवढं म्हणून गप्प बसायचं हे तिला सोळा वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं. तिने फावड्याने फांद्या बाजूला केल्या. केयूरने टाकीचं तोंड उघडलं. घाण विरघळवायला गाडीवाल्याने निळं औषध दिलं होतं. त्या औषधासकट चौघांचं एका दिवसाचं सगळं भसाभसा खाली गेलं. त्याने बाटलीतल्या पाण्याने टाकी दोनदा विसळली, तेही ओतलं. मग फावडं घेतलं.

"उघडं टाकून जाणारी माणसं आपण नाही," तो म्हणाला.

त्याने वाळू ओढली, बुटाने चेपली, पुन्हा ओढली. वर चार गोटे टाकले. जागा इतकी नीट झाली की कुत्र्यालाही पत्ता लागला नसता. वर येऊन दोघांनी साबणाने हात धुतले, दोनदा.

निघताना श्रिया नदीतून काहीतरी घेऊन धावत आली आणि गाडीत चढली. काय आहे ते कोणी बघितलं नाही.

कर्जतच्या बाजारात श्रियाला आइस्क्रीम झालं. पळसदरीवरून खोपोलीच्या रस्त्याला लागले. अप्पा पुढच्या सीटवर बसून मागे वळून वळून शिकवत होते. ही नदी कुठे उगम पावते, तो घाट कोणी फोडला, खोपोलीच्या विजेचं पाणी कुठून येतं. श्रिया जांभया देत होती. एक वाजता कुंभिवलीला हायवेवरच्या ढाब्यावर गाडी थांबली. ट्रकवाल्यांची गर्दी होती. थाळ्या यायला वेळ होता, म्हणून श्रियाने आपली वस्तू काढून टेबलावर ठकठक सुरू केली.

अर्धी करवंटी होती. तिला आरपार भोकं पाडून बांबूची काठी बसवलेली. काठी हातांनी झिजून तुकतुकीत झालेली.

अप्पांचा चेहरा खुलला. "हे कुठे मिळालं तुला?"

"नदीत. झुडपाखाली ठेवलं होतं."

"मग परत ठेवायला हवं होतं. कोणाचं तरी आहे ते. कशाचं आहे ओळख बघू."

"आमटीचं?"

"डवऱ्याचं." अप्पांनी चष्मा सारखा केला. तासाला सुरुवात करताना ते असंच करत. "उन्हाळ्यात आपण म्हणतो नदी आटली. नदी आटत नाही, बाळ, वाळूखाली जाते. मग वाडीच्या बाया वाळूत खड्डा खणतात. वाळू ढासळू नये म्हणून कडेने दगड रचतात. गुरांनी तोंड घालू नये म्हणून वर काटे टाकतात. तो डवरा. पहाटे येऊन या करवंटीने तळापर्यंत सगळं पाणी काढून नेतात. मग दिवसभर पुन्हा थेंब थेंब झिरपत राहतं. दुपारी चारला यायचं, की पुन्हा दहा-बारा हंडे तयार. अख्खी वाडी त्यावर जगते. आणि पाणी कसं? काचेसारखं. कारण वाळू सगळं गाळून घेते. परीक्षेत हमखास विचारायचो मी हे."

सुनीतीने केयूरकडे बघितलं. तो मिठाच्या डबीचं झाकण काढत होता, लावत होता, काढत होता.

"श्रिया, जा, हात धुऊन ये," ती म्हणाली. पोरगी उठली तशी तिने अप्पांना दोन वाक्यांत सांगितलं. खड्डा कसा होता, त्यात काय ओतलं. दगड रचलेले होते, काटे होते, तेही सांगितलं.

थाळ्या आल्या. वाढणारा माणूस कांदा ठेवून गेला. अप्पांनी लिंबू पिळलं.

"अप्पा, चारला बाया येतील. आत्ता सव्वा वाजलाय. परत जाऊया."

"जाऊन काय करायचं?" केयूर म्हणाला. "सांगायचं काय? आम्ही तुमच्या पाण्यात हगलो? गाडी फोडतील. कोणीतरी व्हिडिओ काढेल. माझी नोकरी जाईल, कळतंय का तुला?"

"लांब थांबू. मी एकटी जाते सांगायला."

"तुला एकटीला सोडतील का ते?"

"अप्पा, तुम्ही सांगा ह्याला."

अप्पांनी घास गिळला. मग छत्तीस वर्षं पोरांना खरं सांगितलेल्या आवाजात ते म्हणाले, "एवढं घाबरण्यासारखं नाहीये. वाळू सगळं गाळून घेते."

"हे वरून येणारं पाणी नाही, अप्पा. त्याच खड्ड्यात ओतलंय. आत्ता तुम्हीच..."

"मी शिकवलंय ना. तुला जास्त कळतं?" त्यांनी कांदा उचलला. "आणि त्या लोकांना सवय असते. आपल्यासारखी नाजूक पोटं नसतात त्यांची."

सुनीतीने पदूला फोन लावला. नंबर एवढाच होता. ढाब्याच्या मागे, टायरच्या ढिगाजवळ उभी राहून तिने त्याला सगळं सांगितलं. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"पदूभाऊ?"

"काय ताई, इचारायचं तरी," पदू म्हणाला. "माज्या संडासात ओतलं आसतं, काय बिघडलं आसतं?"

"तुम्ही वाडीत सांगाल ना? चारच्या आत?"

"सांगतो. दुसरा खनतील. तुमी नका टेन्शन घेऊ." मग म्हणाला, "कुनी केलं त्ये नाय सांगत मी. धंद्याचा इषय हाय."

तिने आभार मानले. खरं म्हणजे त्याच क्षणी तिला कळलं होतं. पदू वाडीत जाऊन सांगणार कसा? कुणी केलं हे न सांगता हे सांगता येत नव्हतं, आणि कुणी केलं हे सांगितलं तर उद्यापासून त्याच्या खाचरात एकही तंबू वाडी लागू देणार नव्हती. पण सांगतो म्हणाला होता. सुनीतीने तो शब्द पदरात घेतला आणि टेबलाशी येऊन जेवली. जेवण गेलं, हे तिला पुढे कधी विसरता आलं नाही. भाकरी गरम होती, तिने दोन खाल्ल्या.

दुपारी गाडी पाताळगंगेच्या काठाला लावली. श्रिया गुडघाभर पाण्यात खेळत होती. केयूर फोटो काढत होता. सुनीती दगडावर बसून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. पावणेचार झाले. चार झाले. चार वाजून दहा मिनिटांनी तिने फोन लावला.

"सांगितलं, सांगितलं," पदू म्हणाला आणि फोन ठेवला.

एकदा म्हणाला असता तर तिने विश्वास ठेवला असता. तरी तिने ठेवलाच. संध्याकाळी खिचडी केली.

सकाळी साडेसातला फोन वाजला, तो पदूचाच. आवाज खालच्या पट्टीत. "ताई, गाडीचा नंबर कुनाला देऊ नका. मी बी देनार नाय."

"काय झालं?"

"तसं काय नाय. वाडीत दोघा-तिघांना हगवन लागलीय. मैनाचा पोरगा जरा लहान हाय, आठ म्हयन्याचा, त्याला पहाटं दवाखान्यात नेला. गरमीचं व्हतंच."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"सांगनारच व्हतो, ताई. वाडीवर पोचलो तवर त्या खाली उतरल्या व्हत्या."

सुनीतीने फोन खाली ठेवला आणि बेसिनखालचं कपाट उघडलं. निळ्या औषधाची बाटली अर्धी उरली होती. ती पिशवीत टाकली. करवंटी श्रियाच्या उशाशी होती, तीही टाकली.

केयूर दारात आडवा उभा राहिला. "बाटली कशाला?"

"डॉक्टरला दाखवायला. पोटात काय गेलंय ते कळायला नको?"

"तू आपल्याविरुद्ध पुरावा घेऊन चाललीयेस."

"हो," ती म्हणाली. "बाजूला हो."

अप्पा पलंगावर बसून पायमोजे चढवत होते. मान वर न करता म्हणाले, "उन्हाळ्यात लागतेच हगवण. दरवर्षी लागते. तू जाऊन आपल्या अंगावर ओढून घेशील. घराचं नाव आहे कर्जतमध्ये."

ती उतरली. रस्त्यावर टमटम मिळाली, खोपोलीला आली, तिथून कर्जत. कर्जतहून रिक्षा करून कोंडाणं. रिक्षावाल्याने पदूच्या शेताशी सोडलं. पदूचं दार बंद होतं. ती बायांच्या वाटेने वाडीवर गेली. सव्वादहा वाजले होते, डोकं उन्हाने ठणकत होतं.

पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. कोंडी तिचं नाव, मैनाची सासू. बाई उन्हातनं आलेली बघून ती आधी आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. कोण, कुठली, काय काम, हे नंतर. आल्यागेल्याला आधी पाणी. सुनीतीच्या कर्जतच्या घरी या वाडीच्या बाया करवंदं विकायला येत. सासूबाई होत्या तोवर मागच्या दारी त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायच्या. सुनीतीनेही ओतलं होतं.

"बस. पी," कोंडी म्हणाली. "आज घरात कोन नाय. पोराला दवाखान्यात नेलाय. मैना न् माजा पोशा गेलेत. मला बी रातीपासनं पोटात कळा हायत, न्हायतर मी बी गेली आसती."

"काय झालं पोराला?"

"डवरा कोनीतरी बुजवला. पोरांची मस्ती आसंल म्हनलं. काल चारला गेलो तर वर नुसती वाळू. पुन्हा उपसला. वास येत व्हता. म्हनलं बेडूक मेलं आसंल आत. पहिलं दोन हंडं फेकलं, मग पानी निवळ दिसाया लागलं. फडक्यानं गाळून आनलं." तिने पोट दाबलं. "उघडं टाकलं आसतं काय ते, तर आमी शिवलो नसतो. कुत्रं पडलं, ढोर मेलं, समदं आमाला बघून कळतं. पर कुनी इतकं चांगलं झाकून ठेवलं, का आत वाळूत मुरलं समदं."

सुनीतीच्या हातात तांब्या होता.

"हे पाणी तेच का?"

"त्येच. दुसरं कुठलं आनू? नवा डवरा खनला तर झरा लागाया दोन दिस जातात."

सुनीतीने तांब्या ओट्यावर ठेवला. पिशवीतून करवंटी काढली, त्याच्या शेजारी ठेवली. मग बाटली. आणि सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, कारण बसायची हिंमत झाली नाही. पदूच्या शेतातली गाडी आमची. खड्डा आम्ही भरला. त्यात हे औषध होतं आणि आमचा संडास होता.

कोंडीने आधी करवंटी उचलली, काठीवरून बोट फिरवलं, तुटली नाही ना बघितलं. मग तांब्या उचलून अंगणात ओतला. चुलीतली राख घेऊन आतून घासला. एकदा, दोनदा, तीनदा. सुनीतीने त्याला तोंडही लावलं नव्हतं.

"तू सांगाया आलीस," ती शेवटी म्हणाली, "का आमी मेलो का जगलो बघाया?"

उत्तरासाठी कोंडी थांबली नाही. तिने शेजारच्या घरात हाक घातली, डवऱ्याच्या पाण्याला कोनी शिवायचं नाय म्हणून सांगितलं, घरातले हंडे पालथे करवले. मग सुनीतीचं मनगट धरलं. "चल. डाक्टरला हे समदं तूच सांग. आमी सांगितलं तर म्हनतात, तुमी घान पानी पिताच कशाला."

रिक्षात तिने मनगट सोडलं नाही.

दवाखान्यात मैना कोपऱ्यातल्या कॉटवर बसली होती. विशीतली असेल. पोर मांडीवर, हाताला सलाईन. पोर रडत नव्हतं. ओठ सुकून पांढरे पडले होते, डोळे अर्धे उघडे, पण बघत नव्हते. नवरा, पोशा, भिंतीला टेकून उभा होता. डॉक्टरीणबाई तरुण होती, दमलेली. बाटलीवरचं लेबल वाचलं आणि तिचं दमलेपण गेलं.

"हे पोटात गेलंय? आणि तुम्ही आत्ता सांगताय? आम्ही रात्रीपासूनची साधी हगवण समजून चाललोय." ती फोनकडे गेली, कोणाशी तरी बोलली, परत आली. "इथे सोय नाही. पनवेलला हलवावं लागेल. मला नीट वेळा सांगा. पाणी कधी प्यायलं?"

"काल. चारनंतर," कोंडी म्हणाली.

"आणि टाकी कधी ओतलीत?"

"काल सकाळी नऊला," सुनीती म्हणाली.

"ते पिण्याचं पाणी आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

मैनाने पहिल्यांदा मान वर केली. सुनीतीला वाटलं, इथे एक थाप मारता येईल. आज सकाळी, म्हणता येईल. कोण बघायला आलंय? पिशवीत फोन वाजत होता. अप्पांचा असणार.

"काल एक वाजता," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईने ते लिहून घेतलं.

ॲम्ब्युलन्स आली. मैना आणि पोशा पोराला घेऊन आत बसले. तिसऱ्याला जागा नव्हती. कोंडीला डॉक्टरीणबाईने गोळ्या दिल्या, साखर-मिठाचं पाणी दिलं आणि बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. सुनीती शेजारी बसली. उठून जा असं कोणी म्हणालं नाही. बस असंही नाही. केयूरचे फोन येत होते, अप्पांचे येत होते. तिने फोन उपडा ठेवला.

पाऊण तासाने कोंडीच्या कनवटीचा छोटा फोन वाजला. तिने कानाला लावला. पोशाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, शब्द कळत नव्हते. पनवेलच्या वाटेवर ॲम्ब्युलन्स चौकच्या पुढेही गेली नव्हती. कोंडी म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "तिला धर. एकटी सोडू नको." फोन कनवटीला खोचला. लुगड्याचा पदर डोक्यावर घेतला आणि समोरच्या फाटकाकडे बघत राहिली. तिथून माणसं जात होती, येत होती, कोणाच्या हातात केसपेपर, कोणाच्या हातात शहाळं.

"तुला काल एक वाजता कळलं," ती म्हणाली.

"हो."

"आमी चारला उतरलो." तिने बोटं मिटली. एक, दोन, तीन. तिसरं बोट मिटून मूठ तशीच मांडीवर ठेवली. "तू तवा कुठं व्हतीस गं?"

"कुंभिवलीला."

"तिथनं वाडीवर गाडीनं यायला कितीक येळ लागतो?"

रस्त्यात ट्रक असतात, खोपोलीला फाटक लागतं, घाटाखाली गर्दी होते, हे सगळं सुनीतीच्या तोंडापर्यंत आलं. कोंडी तिच्याकडे बघत नव्हती. मुठीकडे बघत होती.

"एक तास," सुनीती म्हणाली.